चौशिंगा आणि मुशी यांच्यात काही साम्य आहे का?

वरवर पाहता काहीच नाही. चौशिंगा हा हरणासारखा लहानसा प्राणी, ताडोबा, पेंचसारख्या पानगळीच्या जंगलात एकटादुकटा फिरणारा, पाण्यापासून फार लांब न जाणारा. मुशी (बीएस्सीला चिरायचे ती स्कोलिओडॉन) किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातली, जेमतेम हातभर शार्क. चौशिंग्याच्या नराला चार शिंगं. पुढची जोडी कधीकधी नुसता उंचवटाच. मुशीच्या अंगात हाडच नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा.

खरी गंमत पिल्लांत आहे. मुशी अंडी घालत नाही. पोटातलं अंडं साधारण १ मिलिमीटरचं, बलक जवळपास नाहीच. म्हणून पिल्लू नाळेवाटे आईकडून पोसलं जातं, चौशिंग्याच्या पाडसासारखंच! फक्त चौशिंग्याच्या मादीला एक-दोन पाडसं, मुशीला एका वेळी डझनभरही. आणि दूध वगैरे भानगड नाही; जन्मल्या क्षणापासून ज्याचं त्यानं पाहायचं.