घरच्या गॅसवर तीन लिटर कोंबुचा करायचा, तर सामान कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यात फ्लॅटमध्ये दोन बर्नरची शेगडी आहे, बिअर किंवा कोंबुचा (गोड चहा आंबवून केलेलं पेय) थोड्या प्रमाणात घरीच करून बघायचा आहे, तर भांडी कोणती घेऊ?

बिअर आधी बाजूला ठेवा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे, घरापुरती केली तरी. म्हणून पुढचं सगळं कोंबुचाबद्दल. त्यातही आंबताना किंचित अल्कोहोल तयार होतं, तेव्हा लहान मुलांना आणि गरोदर बायकांना देऊ नका.

बहुतेक जण मोठं जाड पातेलं घेतात आणि बाटल्यांवर पैसे वाचवतात. माझ्या मते करायला हवं नेमकं उलटं. पातेल्याचं काम दहा-पंधरा मिनिटांचं, त्यात फक्त चहा होतो. बरणीत तो आठवडाभर आंबट होत बसतो आणि बाटलीत दाब धरतो. पैसे तिथे घाला.

तीन लिटरच्या घाण्यालाही तीन लिटर पाणी उकळायची गरज नाही. घरातलं दोन लिटरचं स्टीलचं पातेलं पुरतं. त्यात १ लिटर पाणी उकळा, गॅस बंद करा, १८ ग्रॅम साधी काळी चहापत्ती घाला आणि ६-७ मिनिटं झाकून ठेवा. पत्ती उकळू नका, तुरटपणा शेवटपर्यंत जात नाही. मसाला चहा, वेलची वगैरे अजिबात नको. गाळून त्यात १८० ग्रॅम साखर विरघळवा आणि १.६ लिटर फ्रिजमधलं पाणी ओता. मिश्रण लगेच चाळीस अंशांच्या आत येतं. ते ३० अंशांपर्यंत उतरलं की बरणीत घाला आणि मगच स्कोबी (आंबवणाऱ्या जिवाणूंची आणि यीस्टची जाडसर चकती) आणि ४०० मिली जुना, आंबट, वेगळा स्वाद न घातलेला कोंबुचा घाला. गरम चहात घातलात तर विरजण मरतं, आणि साधी काच असेल तर बरणीलाही तडा जातो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते आधी उघडं उकळून निववा. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर आरओचं घ्या, कारण जड पाणी आम्ल मारतं आणि घाणा वेळेत आंबट होत नाही.

बरणी चार लिटरची, काचेची आणि हात आत जाईल इतक्या रुंद तोंडाची हवी. या जिवाणूंना हवा लागते, त्यामुळे निमुळत्या तोंडाच्या बरणीत काम रेंगाळतं आणि धुताना तळ हाताला लागत नाही. बोहरी आळीत अशा बरण्या मिळतात. आजीची चिनी मातीची बरणी लोणच्यालाच राहू द्या, जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि आम्लात ते उतरतं. तांबट आळीतलं तांब्याचं भांडं कितीही देखणं असलं तरी इथे चालणार नाही, पितळ आणि ॲल्युमिनियमही नाही. तोटीची बरणी मी तरी सुचवणार नाही. मुलामा दिलेली तोटी आम्लाने गंजते आणि तिच्या आत साचलेला चिकटा निघता निघत नाही. घ्यायचीच असेल तर अख्खी तोटी स्टेनलेस स्टीलची घ्या आणि आधी रात्रभर पाणी भरून गळते का ते बघा.

झाकण लावायचं नाही. जुन्या धोतराची किंवा मलमलची चार पदरी घडी रबराने घट्ट बांधा. जाळीदार पट्टीच्या कापडातून चिलटं सहज आत शिरतात आणि अंडी घालतात. बरणी फळांच्या टोपलीपासून आणि शेगडीच्या धगीपासून लांब ठेवा.

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, साधा थर्मामीटर आणि पीएच पट्ट्या, हे तिन्ही घ्याच. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. पट्ट्या ० ते १४ वाल्या नकोत, त्यांत ३.५ आणि ४.५ मधला फरक डोळ्याला कळत नाही. ० ते ६ किंवा त्याहून अरुंद टप्प्याच्या घ्या. विरजण घातल्यावर पीएच ४.५ च्या खाली हवा, नसेल तर आणखी जुना कोंबुचा घाला. तयार झाल्यावर तो २.५ ते ३.५ च्या दरम्यान येतो. २४ ते २८ अंशांत सात ते दहा दिवस लागतात. एप्रिल-मे मधे पाचव्या दिवशीच चाखून बघा, नाहीतर हाती व्हिनेगर येईल. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आंबट व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात बुरशी डाव साधते, म्हणून बरणीला शाल गुंडाळा. वर कोरडी, केसाळ, हिरवी-पांढरी बुरशी दिसली तर स्कोबीसकट सगळं फेकून द्या, वरचं काढून वापरू नका. तपकिरी लोंबते धागे मात्र यीस्टचे असतात, ते चालतात.

आता बाटल्या. तारेच्या झाकणाच्या चौकोनी शोभेच्या बाटल्या घेऊ नका. सपाट काचेवर दाब सारखा वाटला जात नाही आणि बाटली फुटते, काचा स्वयंपाकघरभर उडतात. दाब सोसणाऱ्या, गोल, जाड काचेच्याच घ्या. तयार कोंबुचा बाटलीत भरताना तो फसफसावा म्हणून लिटरला ४ ते ५ ग्रॅम साखर किंवा तेवढी साखर असलेला गाळलेला फळांचा रस पुरे. आमरसाचा गर घालू नका, तो फार जोरात फसफसतो. वर दोन-तीन सेंटीमीटर जागा ठेवा. त्याच घाण्यातला थोडा कोंबुचा सोड्याच्या एका प्लास्टिकच्या बाटलीतही भरून ठेवा. रोज ती दाबून बघा. दाबली न जाण्याइतकी टणक झाली, की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात हे एका दिवसातही होतं. रात्रभर गार होऊ द्या, मग बेसिनवर धरून, कापड टाकून, झाकण हळूहळू सैल करा.