पामची बी मोठी असली की रोप हमखास जगतं का?

हमखास नाही, पण जंगलातल्या गर्द सावलीत मोठ्या बीला फायदा असतो हे नक्की. खाली जमिनीपर्यंत उन्हाचा जेमतेम १-२ टक्के भाग पोचतो, तेवढ्यावर नव्या पानाचं भागत नाही, मग रोप महिनोन्महिने बीमधल्या साठ्यावरच काढतं. कोंब आलेला नारळ फोडून बघा, आत पांढरा स्पंजसारखा गोळा दिसेल, ते बीजपत्रच असतं आणि तेच खोबरं शोषून रोपाला पुरवत राहतं. एखादं पान कुणी कुरतडलं तरी साठा आहे तोवर दुसरं काढता येतं.

पण मोठी बी म्हणजे खाणारेही टपलेले. पनामातल्या अटालिया पामचं कवच लाकडासारखं जाड, तरी भुंग्याची अळी आत शिरतेच. तिथे अगूती नावाचा कुरतडणारा प्राणी नंतर खायला म्हणून बिया पुरतो, त्यातल्या काही तशाच राहतात आणि पुरलेली बी भुंग्यापासून बरीचशी वाचते. जाड कवचामुळे उगवायलाही वेळ लागतो बरं का.

मला सगळ्यात भारी वाटते ती उगवायची पद्धत. काही पाममध्ये बीजपत्राचा देठ लांबत जाऊन कोंबाला बीपासून दूर, खाली मातीत नेऊन ठेवतो, त्यामुळे वरची माती सुकली किंवा आग फिरली तरी कोंब वाचू शकतो.

युटर्पे नावाच्या पामसारख्या छोट्या बिया पक्षी लांब नेतात, पण साठा कमी, आणि वाळल्या की मेल्याच, त्यामुळे पडल्या जागी ओल लागतेच.