विली नेल्सन तालात गात नाही तरी एवढा मोठा का मानतात?

विली हा अमेरिकेतला कंट्री संगीताचा (तिकडचं गावरान ढंगाचं संगीत) गायक. तो तालात गात नाही हे आधी डोक्यातून काढा. नेमकं हेच वाक्य मी आमच्या दादाकडून किती वर्षं ऐकतेय, म्हणून लिहायला बसले.

दादा तबला वाजवतो, सांगलीला भजनी मंडळात त्याचा शब्द शेवटचा. ऑस्टिनला आमच्याकडे आला होता तेव्हा गाडीत मी 'ब्ल्यू आईज क्रायिंग इन द रेन' लावलं, दोन ओळी झाल्या नाहीत तर म्हणाला, अगं हा मागे पडतोय, बंद कर. वर म्हणे तू लहानपणी अशीच गायचीस, म्हणून तर तुला मंडळात बसवलं नाही. ते लागलं मला, अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्यांचा डबा त्याच्यापुढे ठेवला, म्हटलं केरवा धर आणि सोडू नकोस. विली ओळ उशिरा उचलतो, मधले शब्द बोलल्यासारखे गोळा करतो आणि बरोबर हवं तिथे येऊन पोचतो, ठेका तसूभर हलत नाही. दादाचा हात चालू होता पण मान हलायला लागली. मधला गिटारचा तुकडा आला तेव्हा म्हणाला, हा वाजवणारा तयारीचा आहे. मी सांगितलं, वाजवणारा पण तोच. मग डबा बाजूला ठेवून चहा मागितला, विषय संपला त्याच्यापुरता.

ती गिटार मी स्टेजच्या अगदी जवळून बघितलीय. मार्टिन कंपनीची, नायलॉनच्या तारांची, १९६९ पासून हीच. अशा गिटारला पिकगार्ड (लाकूड घासू नये म्हणून लावलेली पट्टी) नसतं, त्यामुळे घासून घासून लाकडाला आरपार भोक पडलंय. बेताल माणूस इतकी वर्षं एक वाद्य असं झिजवत नाही.

नॅशव्हिललाही, म्हणजे कंट्री संगीताच्या राजधानीलाही, तो कळला नाही. १९६१ मध्ये त्याची 'क्रेझी' पॅट्सी क्लाइनने आणि 'हॅलो वॉल्स' फॅरन यंगने गाजवली, म्हणजे गाणी याची चालतात पण हा स्वतः गायला की नको. १९७२ ला टेक्सासात परत आला. १९७५ चा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हा अल्बम एवढा साधा वाजवलेला की रेकॉर्ड कंपनीतल्या लोकांना तो कच्चा डेमो वाटला, पण करारात शेवटचा निर्णय याचा होता. त्यातलंच हे वरचं गाणं कंट्री चार्टवर पहिलं आलं, तेव्हा वय ४२. (हे गाणं लिहिलेलं मात्र फ्रेड रोझचं.)

सगळंच भारी आहे असं नाही हं, ढीगभर अल्बम केलेत, ऐंशीच्या दशकातले कितीतरी मी परत लावत नाही. आणि आवाज नाकातला आहे, तो नाही आवडला तर नाही आवडला. तुम्ही १९७८ च्या 'स्टारडस्ट'पासून सुरू करा. ऐकताना हाताने ठेका धरा, मनातल्या मनात नको. घरात कोणी तबलजी असेल तर त्यालाच धरायला लावा, आणि ज्या पोरीला मागे पडते म्हणून उठवलं असेल तिलाही एकदा परत बसवून ऐका.

दादा, तू वाचत असशील तर, त्या दिवशी शेवटची ओळ राहिली ऐकायची. अख्खं गाणं अडीच मिनिटांचंही नाही.