रेस्टॉरंटमध्ये इंग्रजीतून विनंती: सुरुवात कुठून करावी?

कुलाब्यातील किंवा वांद्र्यातील रेस्टॉरंटमध्ये इंग्रजी बोलताना दडपण येणे स्वाभाविक आहे. परंतु सुरुवातीला तुम्हाला एकच साचा पुरेल: आधी ‘कुड आय हॅव’, मग हवी ती वस्तू आणि शेवटी ‘प्लीज’. ‘कुड आय हॅव सम रेग्युलर वॉटर, प्लीज?’ असे विचारल्यास साधे पाणी हवे हे कळते आणि बाटलीबंद पाण्याचा प्रश्नही तिथेच मिटतो.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- ‘आय वॉन्ट’ किंवा ‘गिव्ह मी’ म्हणणे. मराठीत ‘द्या’ म्हटले की आदर त्यातच येतो, इंग्रजीत तो वेगळा जोडावा लागतो.
- चुटकी वाजवणे. ‘एक्सक्यूज मी’ म्हणावे.

‘वुड यू माइंड’ (तुमची हरकत आहे का) तूर्त बाजूला ठेवा, कारण त्याच्या उत्तरातील ‘नो’ म्हणजे होकार असतो आणि नवशिक्याचा तिथे हमखास गोंधळ उडतो. अडलात, तर निःसंकोच मराठीत बोला.