पोरगा गेला तेव्हा रडले नाही, बुलबुल उडाले तेव्हा रडले

पत्र तीन पानी आहे, त्यामुळं आधी थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. जुळे सोलापूरची ताई आहे. एकुलता एक पोरगा ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंगला पुण्याला गेला. ही स्टेशनवर सोडायला गेली, हुतात्मा एक्सप्रेस हलली, हात केला, घरी आली आणि भांडी घासली. डोळ्यात टिपूस नाही. पुढच्या आठवड्यात परसातल्या मधुमालतीत बुलबुलानं घरटं केलं, तीन अंडी, तीन पिल्लं, आणि हिनं किचनच्या खिडकीतनं सगळं बघितलं. गणपती बसायच्या आदल्या दिवशी दोन पिल्लं सकाळीच गेली, तिसरं खाली पडलं, ते हिनं उचलून वेलावर ठेवलं, संध्याकाळपर्यंत तेही गेलं. तेव्हापासनं बाई रडतीय. मोदक वळताना रडतीय, नळाचं पाणी भरताना रडतीय. नवरा म्हणतो, "पाखरासाठी काय रडूलालीस गं?" सासूबाई म्हणाल्या, माणसाचा हात लागला, आता त्याची आई त्याला जवळ घेणार नाही, मेलं असेल ते. आणि जाऊ म्हणाली, पोटच्या पोरासाठी रडली नाहीस, जरा पाखरांकडनं शीक, पिल्लं उडाली की ती मागं वळून पण बघत नाहीत. ताई विचारते, "अक्का, मी आई म्हणून कुठं कमी पडले का?"

अगं बाई. आधी त्या तिसऱ्या पिल्लाचं बोलू, कारण मला वाटतं तुझ्या रडण्यातला निम्मा भाग तिथंच अडकलाय.

सासूबाईंचं म्हणणं चूक आहे. त्यांचा दोष नाही, माझी आजी पण हेच सांगायची, सगळ्यांच्याच आज्या सांगायच्या. पण पक्षी माणसाच्या हाताचा वास आला म्हणून पिल्लू टाकत नाहीत. एवढे दिवस चोचीनं किडे भरवलेलं पिल्लू कुणी असं सोडतं का? आणि तू लिहिलंयस की त्याचे डोळे उघडे होते, अंगावर पिसं होती, शेपूट मात्र "कापल्यासारखी आखूड" होती आणि ते टुणटुण उड्या मारत होतं. म्हणजे ते पडलेलं नव्हतंच गं, ते निघालेलं होतं. बुलबुलाची पिल्लं अंड्यातनं बाहेर आली की साधारण १२ ते १४ दिवसांत घरटं सोडतात, आणि तेव्हा त्यांना धड उडता येत नसतं. शेपूट नंतर वाढते. दोन-चार दिवस ती अशीच झुडपात, कधी जमिनीवर धडपडतात, आणि आईबाप दोघं तिथं येऊन भरवतात. तू त्याला मांजराच्या वाटेतनं उचलून वेलावर ठेवलंस, हे शंभर टक्के बरोबर केलंस. मी लहानपणी चिमणीच्या पिल्लाला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं होतं, मोठ्या प्रेमानं, आणि सकाळी ते बुटाच्या खोक्यात मरून पडलं होतं. पक्ष्यांना दूध पचत नाही, आणि चोचीत पाणी ओतलं तर ते श्वासनळीत जातं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तू यातलं काहीच केलं नाहीस. त्यामुळं तो गिल्ट आजच्या आज सोड.

आता जाऊबाई. त्यांना माझा नमस्कार सांग आणि विचार, पाखरांकडनं शिकायचं म्हणजे नेमकं कुठल्या पाखराकडनं? कोकिळेकडनं? ती कावळ्याच्या घरट्यात अंडं टाकून मोकळी होते. टिटवीकडनं? तिची पिल्लं अंड्यातनं निघाली की थोड्या वेळात स्वतःच्या पायानं चालायलाच लागतात. आपल्या नान्नजच्या माळावरचा माळढोक पक्षी घे, ज्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. त्याची मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते, नर तिकडं फिरकत पण नाही, आणि ते एकुलतं एक पिल्लू पुढच्या विणीच्या हंगामापर्यंत आईच्या मागं मागं फिरतं. आणि ते सातभाई, आठ-दहा जणांचा कलकलाट करत अंगणात येतात ना, त्यांची पोरं तर मोठी झाली तरी बरेचदा त्याच थव्यात राहतात आणि नंतरच्या पिल्लांना भरवायला मदत करतात. एकत्र कुटुंबच की. मग जाऊबाईंना यातलं कुठलं पाहिजे ते त्यांनी निवडावं. आणि ज्या बुलबुलाचं उदाहरण दिलं तो तर मागं वळून बघतोच बघतो, घरटं सुटल्यावरही किती दिवस पिल्लांच्या मागं किडे घेऊन पळत असतो. तुला खिडकीतनं ते दिसलं नाही कारण ते शेजारच्या लिंबात चाललं होतं, एवढंच.

बरं, आता मेन मुद्दा. स्टेशनवर का रडली नाहीस.

तू स्वतःच लिहिलंयस गं, फक्त तुला ते दिसत नाहीये. ऑगस्टचं पान परत काढून वाच. ॲडमिशनची राऊंड, हॉस्टेलचं डिपॉझिट, गादी तिथं घ्यायची का इथनं न्यायची, शेंगा चटणीचे दोन डबे, कडक भाकरीची चवड पेपरात गुंडाळून, चादर नवी घ्यायची का घरातली द्यायची यावरनं नवऱ्याशी भांडण, आणि गाडी हलली तेव्हा तू मनात बॅगा मोजत होतीस. "चार होत्या, तीनच दिसल्या" असं लिहिलंयस. रडायला माणूस रिकामा लागतो. तू रिकामी नव्हतीस, तू कामावर होतीस. १८ वर्षं पोराचं सगळं तू हातानं केलंस, तर त्याचं जाणं पण तू एक काम म्हणूनच उरकलंस, आणि चांगलं उरकलंस.

बुलबुलाच्या बाबतीत तुला करण्यासारखं काहीच नव्हतं. डबा द्यायचा नाही, फॉर्म भरायचा नाही, फक्त ओट्यापाशी उभं राहून बघायचं. आणि काय बारीक बघितलंयस! घरट्यात मधेच टॉवेलचं गुलाबी सूत विणलेलं, ते नवऱ्याच्या कारखान्यातनं त्याच्या शर्टाला चिकटून आलेलं असणार हा तुझा अंदाज, पिल्लानं शी केली की ती पांढऱ्या थैलीसारखी चोचीत धरून बाहेर नेऊन टाकणारी आई (किंवा बाप, दोघं दिसायला सारखेच असतात), आणि शेवटच्या दिवशी ती तोंडात नाकतोडा धरून समोरच्या तारेवर बसून ओरडतीय पण घरट्यात येतच नाहीये, हे वाचून तर मीच पत्र खाली ठेवलं. चहा ठेवला आणि मग पुढं वाचलं. त्या नाकतोड्यापाशी तुझं रडू बाहेर आलं. ते बुलबुलाचंच होतं की पोराचं होतं याचा हिशोब करत बसू नकोस, एक महिना उशिरा आलं म्हणून खोटं होत नाही. आपल्याकडं नळाचं पाणी पण रोज कुठं येतं, ज्या दिवशी येतं त्या दिवशी येतं.

आता नवऱ्याचं. तो हसतो याचं तुला वाईट वाटतंय. पण पान दोनवर तूच एक ओळ लिहून पुढं गेलीयस, की घरटं असेपर्यंत "हे मोटरसायकल बाहेर रस्त्यावरच लावत होते". का गं? परसातनं गाडी काढताना आवाज होतो म्हणूनच ना? पावसात भिजवली त्यानं गाडी. टॉवेलच्या कारखान्यातला माणूस, दिवसभर खडखडाट ऐकून आलेला, तो परसात येताना चप्पल हातात घेत असेल तर मला नवल वाटणार नाही. त्याला रडता येत नाही म्हणून तो हसतो. त्याला एकदा विचार, पोरगा गेल्यापासनं तुम्हाला कसं वाटतंय. लगेच उत्तर देणार नाही. जेवायला वाढताना नको, रात्री कट्ट्यावर बसल्यावर विचार.

एका गोष्टीत मात्र मी तुझ्या बाजूनं नाही. "त्याला आता पंख फुटलेत, मी स्वतःहून फोन करत नाही, त्याचा रविवारी येतो" असं लिहिलंयस. हा कुठला मानीपणा? बुलबुल पण एवढा मान धरत नाही. तू कर फोन. रोज लोकेशन विचारू नको, जेवलास का हे दिवसातनं तीनदा विचारू नको, पण बुधवारी उगाच केलास तर काय बिघडतं. आणि त्या तिसऱ्या पिल्लाची गोष्ट सांग त्याला. मेसेज टाइप करू नको, आवाजात सांग. हॉस्टेलवरच्या पोराला घरचं परस ऐकायला मिळालं तर तो पण जरा जास्त बोलेल, बघ.

परसाचं विचारलंयस ते पटकन सांगते. घरटं लगेच काढू नको, मधुमालती पण एवढ्यात छाटू नको, बुलबुल एका हंगामात परत परत अंडी घालतात, जुनं घरटं बहुतेक वापरत नाहीत पण जवळपास दुसरं करतात. सुताचे लांब तुकडे, केस, मांजा परसात पडू देऊ नको, ते पिल्लांच्या पायाला गुंडाळतं आणि पाय जातो. परत कधी पिल्लू खाली दिसलं आणि अंगावर पिसं नसतील, नुसतं गुलाबी असेल, तर उचलून सरळ घरट्यात ठेव. पिसंवालं असेल तर झुडपात उंचावर ठेवून लांब हो. जखमी असेल तर वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन कर, घरात पाळायला ठेवू नको, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते चालत नाही. पाण्याचं भांडं ठेवायचं तर उथळ ठेव, मातीची परात चालेल, रोज पाणी बदल, आणि शेजारच्यांचं मांजर दबा धरू शकेल अशा कुंडीमागं ठेवू नको.

आणि चटणीचे डबे परत पाठवणारच आहेस, तर या वेळी झाकणाखाली प्लास्टिकचा कागद लाव. माझ्या भाच्याची इंजिनिअरिंग ड्रॉइंगची शीट अजून लसणाचा वास मारते.

— अक्का