परदेशात एटीएममधून पैसे काढले तर बँक किती चार्जेस कापते? बँकॉकला डेबिट कार्डावर भागेल का?

तुम्ही चौघं मित्र बँकॉकला चाललाय आणि विचारलंय की रोख नेण्यापेक्षा डेबिट कार्डाने लागतील तसे पैसे काढले तर किती कापले जातात. ते "लागतील तसे" वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. जानेवारी २०२४ मध्ये आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, अगदी हेच म्हणाले होते. त्या ट्रिपला नुसत्या चार्जेसमध्ये ४,५१४ रुपये गेले. आकडा तोंडपाठ आहे.

मी कराडला पतसंस्थेत आहे, एकवीस वर्षं झाली. दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय आम्ही कोणी घरी जात नाही, पाच रुपयांचा फरक आला तरी सगळी व्हाउचरं परत काढायची, किर्द परत बघायची. त्यामुळे घरातल्या कुठल्याही ट्रिपचा हिशोब माझ्याकडे असतो. थायलंडला आम्ही सहाजण होतो, आम्ही दोघं, ताई-दाजी आणि मामा-मामी. हॉटेल नि गाडी आधीच बुक होती, वरखर्चाला कॉमन पैसे लागणार होते. मी म्हणलं डॉलर घेऊन जाऊ, तिथे बदलू. दाजी म्हणाले, "अगं एवढी रोख कशाला बाळगायची परक्या मुलखात, कार्ड आहे ना, लागतील तसे काढू, आणि एका वेळी थोडेच काढ, पाकीट गेलं तर?" दाजी मोठे आहेत, मी वाद घातला नाही. तिथेच चुकलं.

रोख लागते हो तिकडे. पटायात ती बाट बस, म्हणजे शेअर जीप, तेव्हा १० बाटची (बाट हे तिथलं चलन), कोरल आयलंडची फेरीबोट ३० बाटची, रस्त्यावर आंबा-भात, शहाळं, बाजारातली खरेदी, सगळं रोखीत. भिंतीवर क्यूआर चिकटवलेला दिसायचा पण तेव्हा तो आपल्याला चालत नव्हता, आपलं यूपीआय घेऊन उभं राहिलो तर दुकानातली बाई नुसती हसली. मामांकडे पेन्शन खात्याचं साधं रुपे कार्ड, ते मशीनने लगेच बाहेर ढकललं. ताईच्या कार्डावर परदेशातला वापर सुरूच केलेला नव्हता (ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डावर तो बंदच असतो, आपण ॲपमधून चालू करायचा) आणि तिला ॲपचा पासवर्ड आठवेना. राहिलं माझं कार्ड.

तर दुकानाबाहेरच्या एटीएमवर मी ३,००० बाट टाकले. आधी एक स्क्रीन आली की परदेशी कार्डाला २२० बाट फी लागेल, मान्य आहे का. मान्य न करून करता काय, मागे पाचजण उभे. मग दुसरी स्क्रीन, ती नीट ऐका. ३,२२० बाट बरोबर ८,०९० रुपये असा आकडा दाखवला आणि खाली दोन बटणं, कन्व्हर्जन (म्हणजे बाटचे रुपये करणं) मान्य आणि कन्व्हर्जन अमान्य. मला वाटलं अमान्य दाबलं तर व्यवहारच रद्द होईल, शिवाय रुपयात आकडा दिसतोय म्हणजे सरळ आहे, म्हणून मान्य दाबलं. आयुष्यात दाबू नका ते बटण. अमान्य दाबलं तरी पैसे येतात, पण मग कन्व्हर्जन आपल्या कार्डाच्या नेटवर्कच्या, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या, दराने होतं, त्या मशीनवाल्याच्या दराने नाही. तेव्हा बाट साधारण २ रुपये ३७ पैसे होता आणि मशीनने मला अडीच रुपयांच्या वर लावला. तेवढ्या एका बटणाचे ४५९ रुपये झाले, आणि तरीही माझ्या बँकेने आपला मार्कअप, म्हणजे परदेशी व्यवहारावरचा टक्क्यातला आकार, लावलाच.

मग दाजींच्या म्हणण्याप्रमाणे दर दिवशी थोडे थोडे, असे ती पहिली वेळ धरून चार वेळा ३,००० काढले. एकूण १२,००० बाट. हिशोब मांडते, तुम्हाला तोच हवाय. तिथल्या मशीनची फी चार वेळा २२०, म्हणजे ८८० बाट, आपले २,०८६ रुपये. माझ्या बँकेची फी दर वेळी १५० अधिक १८ टक्के जीएसटी, चार वेळचे ७०८. शिवाय साडेतीन टक्के मार्कअप, त्या मार्कअपवर परत जीएसटी, असे १,२६१, आणि हा मार्कअप ३,००० वर नाही, मशीनची फी धरून ३,२२० वर लागतो, हे कोणी सांगत नाही. वर ते ४५९. बेरीज करा, ४,५१४ येते. साधारण साडेअठ्ठावीस हजारांची रोकड हातात पडायला सोळा टक्के गेले. हेच १२,००० एकदम काढले असते तर १,९०० च्या आत भागलं असतं.

पण मला खरं लागलं ते पैशाचं नाही. शेवटच्या रात्री हॉटेलात मी वही काढली, सगळ्यांसमोर वाचली. २२० च्या चार पावत्या होत्या, त्या धरल्या. दाजी म्हणाले, "ते तुझ्या कार्डाचे चार्जेस, ट्रिपचा खर्च नाही तो." मी गप्प बसले, ताईचा चेहरा बघून. घरी आल्यावर आठवड्याने स्टेटमेंट बघते तर मार्कअप आणि जीएसटीच्या ओळी नंतर पडलेल्या, त्या रात्री त्या खात्यात दिसतच नव्हत्या. मी सगळं लिहून ग्रुपवर टाकलं, दर जोडप्यामागे १,५०५ रुपये. मामांनी त्याच संध्याकाळी दिले, एक शब्द न विचारता. दाजींचा आवाजी मेसेज आला, की पतसंस्थेत बसतेस आणि ट्रिप संपल्यावर आठवड्याने हिशोब बदलतोय, घोळ आहे काहीतरी. सगळ्यांना ऐकू जाईल असा, ग्रुपवर. मामीने ऐकला, माझ्या मुलीने ऐकला. एकवीस वर्षांत एका खातेदाराने मला घोळ हा शब्द वापरलेला नाही.

म्हणून सांगते, ज्याच्या कार्डाने सगळ्यांसाठी पैसे काढले त्याचे चार्जेस हा सगळ्यांचा खर्च. रिक्षाचं भाडं जसं सगळ्यांचं, तसंच हे. रोख सगळ्यांनी खाल्ली, मग ती आणायचा खर्च एकट्याने का सोसायचा? आणि थोडे थोडे काढा असं जो सांगतो त्याने तर आधी द्यावेत. तुम्ही चौघं आहात, विमानात बसायच्या आधी हे ग्रुपवर लिहून घ्या, कोणाचं कार्ड आणि चार्जेस कसे वाटायचे. मित्र आहेत म्हणून संकोच करू नका, आमचे तर घरचे होते.

बाकी, मी आता डॉलरच नेते, शंभराच्या कोऱ्या नोटा, लहान नोटांना दर कमी देतात. एका ट्रिपला ३,००० डॉलरपर्यंत रोख नेता येते, एवढे कशाला लागतायत. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर वर जे काउंटर दिसतात तिथे बदलू नका, खाली तळघरात रेल्वेच्या स्टेशनजवळ काउंटर आहेत, तिथे दर बराच बरा मिळतो, पासपोर्ट हातात ठेवा. डेबिट कार्ड अडीअडचणीला ठेवा, आणि काढायचेच तर एकदाच मोठी रक्कम. क्रेडिट कार्डाने रोख कधीच काढू नका, त्याला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून घेतलेलं कार्ड, पण चालेल, पण डॉलर भरून बाट काढलेत तर त्यातही कन्व्हर्जन कापतात, आणि तिथल्या मशीनची फी काही चुकत नाही.

हो, हे दर माझ्या बँकेचे आणि तेव्हाचे, तुमच्या बँकेचे वेगळे असतील, काही खात्यांना मार्कअप कमी असतो तर काहींना फी माफ असते, तेव्हा निघायच्या आधी बँकेत विचारा, फोनवर नको, दरपत्रकच मागा.

पावत्या मात्र जपून ठेवा. त्या कागदावरची शाई उडते, माझ्या चारही आता फिक्या पडल्यात, पण मी कराडला उतरल्या उतरल्या झेरॉक्स काढून घेतली होती, वहीत लावलीय. दाजींचे १,५०५ अजून येणे दिसतायत.