चीजकेकचा चहा, आंब्याचा चहा: फेकू नका, पण आपल्यासारखा उकळूही नका

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भाचीनं जर्मनीहून स्वादाच्या चहाची पाकिटं आणली: चीजकेक, आंबा, जिंजरब्रेड, अर्ल ग्रे आणि एकावर नुसतंच 'ख्रिसमस'. पहिले चार तुम्ही घरच्या पद्धतीनं म्हशीचं दूध आणि साखर घालून उकळले. आंब्याचा नासला, चीजकेकचा मचूळ लागला, अर्ल ग्रेला साबणाचा वास आला आणि जिंजरब्रेड तेवढा सगळ्यांनी मागून घेतला. आता उरलेल्याचं काय करायचं आणि पुढच्या खेपेला भाचीला काय आणायला सांगायचं?

माझं कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत चहा पावडरचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक कडक, लालभडक चहावालं. पण हल्ली ज्याचं पोर परदेशात आहे तो असली पाकिटं घेऊन 'हे काय असतंय बघा' म्हणत येतोच, त्यामुळे या प्रकाराची चव बरीच घेऊन झाली आहे. तुमचे चारही निकाल पाकिटावरचं नाव वाचूनच सांगता आले असते. कसे ते सांगतो.

कुठलाही गोड पदार्थ तीन गोष्टींवर उभा असतो: वास, साखर आणि स्निग्धपणा. फळ असेल तर त्यात आंबटपणाही आला. चहाच्या पानाला यातला फक्त वास चिकटवता येतो. म्हणून ज्या पदार्थाची ओळखच वासात आहे त्याचा चहा चांगला होतो, आणि ज्याची ओळख तोंडात विरघळणाऱ्या दाटपणात आहे त्याचा चहा नुसता नावापुरता राहतो. जिंजरब्रेड म्हणजे सुंठ, दालचिनी, लवंग, कधी बडीशेप. पीठ बाजूला काढलं तरी जिंजरब्रेड ओळखू येतो. चीजकेकमधून चीज काढलं तर काय उरतं? व्हॅनिला आणि लिंबाची साल. तुमच्या कपात तेवढंच होतं, आणि त्यावर आपलं ६-७ टक्के स्निग्धांशाचं दूध पडल्यावर तेही दबलं, कारण व्हॅनिलासारखे वास स्निग्धांश धरून ठेवतो, नाकाकडे सहज सोडत नाही.

अमेरिकेत शरद ऋतूत ज्या 'पम्पकिन स्पाइस'चा एवढा बोलबाला असतो, त्या मसाल्यात भोपळा नसतोच. दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग, कबाबचिनीसारखं ऑलस्पाइस, संपलं. आपल्या चहा मसाल्याचा सख्खा भाऊ. त्यामुळे असलं पाकीट मिळालं तर बिनधास्त दुधात उकळा.

आता आंबा. बाहेरच्या फळांच्या 'चहा'त बहुतेक वेळा चहाचं पान नसतंच. सफरचंदाचे वाळके तुकडे, जंगली गुलाबाची फळं आणि हिबिस्कस असतो. हा हिबिस्कस म्हणजे आपल्या दारातली जास्वंद नव्हे, लाल अंबाडीची बोंडं. त्यांच्या काढ्याचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ३ च्या आसपास, आणि दुधातलं केसिन हे प्रथिन ४.६ ला गोळा होतं. मग दूध नासणारच, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. पाकिटामागच्या घटकांत हिबिस्कस दिसला की दुधाचं पातेलं लांब ठेवायचं. तुमच्या आंब्याचं काय करायचं म्हणाल तर उकळतं पाणी ओतून सात-आठ मिनिटं झाकून ठेवा, गाळा, कोमट असताना गूळ विरघळवा, गार करा आणि किंचित मीठ घाला. उन्हाळ्यात रंकाळा तलावावरून दमून आल्यावर हे कुठल्याही बाटलीतल्या सरबतापेक्षा उजवं लागतं. गूळ आपला कोल्हापुरी, त्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा कंजूषपणा नको.

पाकिटात वाळक्या आंब्याचे, स्ट्रॉबेरीचे तुकडे दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. ते बहुतेक दिसण्यापुरते असतात. खरा स्वाद पानावर फवारलेला असतो: मोठ्या फिरत्या पिंपात चहा घालून त्यावर स्वादद्रव्य मारतात. ते वाईटच असतं असं मी म्हणणार नाही, पण काही फळांचा एकच ठळक वास उचलला की फसगत होते. केळ्याचा इसेन्स म्हणजे मुख्यतः आयसोअमाइल ॲसिटेट, त्यामुळे केळ्याच्या चहाला पिकल्या केळ्याऐवजी लहानपणीच्या गोळीचा वास येतो. चेरी आणि कडू बदाम या दोन्हींचा मुख्य वास बेंझाल्डिहाइडचा. म्हणून चेरीचा चहा पिताना आपल्याला खोकल्याचं औषध आठवतं आणि युरोपातल्या माणसाला बदामाची मिठाई. फवारणीच्या उलट टोकाला चिनी मोगऱ्याचा चहा. त्यात ग्रीन टीत ताज्या कळ्या रात्रभर मिसळून ठेवतात, सकाळी फुलं चाळून काढतात, आणि चांगल्या प्रतीसाठी हे पुन्हा पुन्हा करतात. वास पान स्वतः ओढून घेतं. असा चहा हाती आला तर त्यात साखरसुद्धा घालू नका.

अर्ल ग्रेचा साबण. त्यात बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचं तेल असतं; फळ मुख्यतः इटलीच्या कॅलाब्रियात पिकतं. त्या तेलात लिनालूल भरपूर, आणि हेच द्रव्य लव्हेंडरमध्ये आणि कित्येक साबणांच्या सुगंधात असतं. म्हणजे नाक खोटं बोललं नाही. अर्धा अर्ल ग्रे आणि अर्धा साधा आसाम असं मिसळा, तीन मिनिटांत गाळा, हवं तर थोडं दूध वरून घाला. उकळलात तर छान वास खोलीत जातो आणि कपात कडूपणा राहतो.

मूळ चहा कसा आहे हे कुणी विचारत नाही, ते खरं तर आधी विचारायला हवं. आपण रोज पितो तो सीटीसी: पान चिरडून, फाडून, गोळी करून केलेला, दुधात उकळण्यासाठीच जन्मलेला. स्वादाचे बरेच चहा अख्ख्या पानाचे असतात, ते पातेल्यात दहा मिनिटं उकळले की तुरट होतात. ग्रीन टीला तर उकळतं पाणीही सोसत नाही. थर्मामीटर नको, तीन भाग उकळतं पाणी आणि एक भाग माठातलं पाणी मिसळलं की ऐंशी अंशांच्या आसपास येतं. दोन मिनिटं पुरे. याला अपवाद रूइबॉस, दक्षिण आफ्रिकेच्या सेडरबर्ग भागातलं झुडूप. त्यात कॅफिन नाही, कितीही उकळा कडू होत नाही, आणि मुळातच किंचित गोडसर, व्हॅनिलाकडे झुकणारा वास. कॅरॅमल, व्हॅनिला, बदाम असले मिठाईचे स्वाद रूइबॉसवर असतील तर दूध घालून आपल्या पद्धतीनं उकळायला हरकत नाही, फक्त दुधात निम्मं पाणी घाला. गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण पितात तसलं आपलं दाट दूध ते, त्यापुढे रूइबॉसचं काय चालणार!

चाखायची पद्धत. चहा पारखणाऱ्यांचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, १०० मिलिलिटरला २ ग्रॅम, सहा मिनिटं. ते दोष शोधण्यासाठी, पिण्यासाठी नव्हे. घरी २०० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा, काळा चहा असेल तर तीन-चार मिनिटं. पहिला घोट बिनदुधाचा, बिनसाखरेचा घ्या. वास तीनदा घ्या: कोरड्या पानाचा, झाकण काढल्यावर ओल्या पानाचा आणि मग कपातला. स्वस्त स्वादाचा चहा पाकीट उघडल्यावर घर डोक्यावर घेतो आणि कपात गायब होतो. मग भुरका मारून प्या. हो, भुरकाच. पारखणारे आवाज करूनच पितात, कारण चहा हवेबरोबर तोंडात पसरला की वास घशाच्या मागून नाकात चढतो. बशीत ओतून भुरके मारणारे आपले आजोबा या बाबतीत पुढारलेले होते. पुन्हा कोमट झाल्यावर एक घोट घ्या. फवारलेल्या स्वादाचा रासायनिक मागमूस तेव्हा जिभेवर उरतो. यानंतर चिमूटभर साखर घालून बघा. साखरेनं गोडी येतेच, पण मेंदूला व्हॅनिला किंवा स्ट्रॉबेरीचा वासही जास्त वाटायला लागतो. तुमच्या चीजकेकला याच चिमटीची आणि अगदी थोड्या दुधाची गरज आहे.

दोन चहांच्या मध्ये साधे चुरमुरे खा. पुदिन्याचा आणि धुरावर वाळवलेला चहा शेवटी, नाहीतर पुढचं काही कळत नाही. आणि तांबडा रस्सा झाल्यावर चाखायला बसू नका, एवढं सांगायची गरज नसावी.

या गटात वर एका सदस्यानं लिहिलंय की असले नखरे कोल्हापूरच्या मातीतले नव्हेत. अहो, दुधाचा चहा तरी कुठं या मातीत उगवला? शाहू महाराजांनी पन्हाळ्याला चहाची लागवड करून पाहिली. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी शहरात चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि अस्पृश्यता मोडावी म्हणून स्वतः तिथं थांबून चहा प्यायले. या गावात चहानं केवढं काम केलंय, त्याला जिंजरब्रेडचं ओझं होणार नाही.

उलट मला वाटतं आपले सणाचे पदार्थ याच कसोटीवर लावून बघावेत. पुरणपोळी पास होते, कारण तिची ओळख गूळ, जायफळ, वेलदोड्यात आहे. चमचाभर हरभरा डाळ कोरडी खमंग भाजून पाण्यात पाच मिनिटं उकळायची, मग अर्धा चमचा चहा, दोन वेलदोडे, चाकूच्या टोकावर मावेल एवढं जायफळ. दोन मिनिटांनी गाळून गूळ घालायचा. डाळीच्या भाजल्या वासानं पुरणाचा भास होतो. दूध घालणार असाल तर वेगळं गरम करून शेवटी, गॅस बंद केल्यावर. गुळासकट उकळलात तर फाटायची भीती. श्रीखंड नापास. आंबट दाटपणा काढला की उरतं केशर-वेलदोड्याचं पाणी. तिळगूळ मधेच लटकतो: भाजल्या तिळाचा वास तेलात असतो, त्यामुळे पाण्यावर तवंग येतो, दुधात मात्र बरा लागतो. उकडीच्या मोदकाचं खोबरं चहात चांगलं उतरतं, फक्त खोबऱ्याचे काप असलेलं पाकीट जुनं असेल तर आधी हुंगा, खवट झालेलं असतं.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग आजरा घनसाळ तांदळाचा. जपानी लोक ग्रीन टीत भाजलेला तांदूळ मिसळून 'गेनमाइचा' नावाचा चहा करतात, साधारण निम्मा-निम्मा. आजऱ्याचा हा तांदूळ मुळातच सुवासिक, त्यालाही २०१६ साली मानांकन मिळालंय. मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजायचा, दोन-चार दाणे फुटले तरी चालतात, गार झाला की ग्रीन टीत मिसळायचा. कपात भाताच्या पेजेचा आणि लाह्यांचा मिळून वास येतो. यावर साखर घालणाऱ्याला मी चहा देत नाही.

एक सावधगिरी. काही मिठाईच्या चहात साखर नसूनही घसा गोड होतो. घटकांत ज्येष्ठमध असतं. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यानं तो रोज पिऊ नये, घरात सासूबाई-सासरे असतील तर त्यांच्या कपाआधी यादी वाचा.

पाकिटं उघडल्यावर प्रत्येक चहा वेगळ्या घट्ट डब्यात ठेवा, आणि कांदा-लसूण मसाल्याच्या फळीवर तर अजिबात नको; चहा वास ओढतो ते मोगऱ्याचाच ओढतो असं नाही. लिंबू-संत्र्याच्या सालीचे चहा आधी संपवा, त्यांचा वास सर्वांत लवकर उडतो. मसाल्याचे वर्षभर टिकतात, आपल्या पावसाळ्यात झाकण नीट लावलं तर.

भाचीला सांगायचं ते असं: मसाल्याचा कुठलाही, कॅरॅमल किंवा व्हॅनिलाचा रूइबॉस, आणि मिळाला तर फुलं चाळलेला मोगऱ्याचा. केक, 'पाय' (pie), पुडिंग नाव असलेले लहान पाकिटात. फळांचे आणायचे तर गार पिण्यासाठी म्हणून. राहिलं तुमचं ते 'ख्रिसमस' पाकीट. तिकडे त्या नावाखाली बहुधा काळ्या चहात संत्र्याची साल, दालचिनी, लवंग आणि कधी बदाम असतो, पण हिबिस्कसवाले प्रकारही निघतात. मागच्या यादीचा फोटो इथे टाका, दूध चालेल की नाही ते बघून सांगतो.